पेट्रोलमधलं शिसं गेलं कुठे?

पेट्रोल शिसेमुक्त होऊन पाव शतक उलटलं, तरी रस्त्यालगतच्या मातीत शिसं सापडतं म्हणतात, ते कसं? शहरातल्या मातीचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या मनात धुराचं चित्र असतं. धूर हवेत जातो, वाऱ्याने पांगतो, चार दिवसांनी त्याचा मागमूस राहत नाही. त्यात आपल्याकडे दरवर्षी चार महिने पाऊस. इतक्या पावसाळ्यांनी रस्ते धुऊन काढल्यावर शिल्लक राहणार तरी काय?

कार्बन मोनॉक्साइडसारख्या वायूला हा हिशेब बराचसा लागू पडतो. शिशाला पडत नाही. कारण समजून घ्यायचं तर सुरुवात धातूच्या स्वभावापासून करावी लागेल.

१. न कुजणारी वस्तू

रस्त्यावर पडलेलं केळ्याचं साल काही आठवड्यांत मातीत जिरतं. सांडलेलं डिझेलसुद्धा जिवाणू हळूहळू खाऊन टाकतात. प्लॅस्टिक फार चिवट, पण तेही रेणूंचं बनलेलं असतं आणि रेणू केव्हातरी तुटतो. शिसं, जस्त, तांबं, कॅडमियम ही मूलद्रव्यं आहेत. ती मोडणं जिवाणूंच्या, उन्हाच्या किंवा आगीच्या आवाक्यातलं नाही. शिशाचं संयुग बदलतं, क्लोराइडचं सल्फेट होतं, सल्फेटचं कार्बोनेट होतं. शिशाचा अणू मात्र तोच राहतो. तो संपत नाही, जागा बदलतो.

आणि मातीत पडल्यावर जागाही सहसा बदलत नाही. चिकणमातीचे कण, कुजलेला पालापाचोळा, लोह आणि मँगनीजच्या ऑक्साइडांचे थर या सगळ्यांना शिसं घट्ट धरून बसतं. मीठ पावसात विरघळून खाली झिरपतं, तसं शिशाचं होत नाही. डांबरी रस्त्यावर पडलेले कण पावसाबरोबर गटारात जातात हे खरं. पण रस्त्याच्या कडेची उघडी माती, दुभाजकातली माती, शाळेच्या मैदानाचा रस्त्याकडचा कोपरा इथे ते वरच्या चार-पाच सेंटिमीटरांतच अडकून राहतं. कोणी खणलं नाही, उपसलं नाही, तर तिथून पूर्ण निघून जायला शेकडो वर्षं लागतील.

पुढे वारंवार लागेल असं एक माप इथेच सांगून टाकतो. एक किलो मातीत एक मिलिग्रॅम धातू असला तर त्याला एक पीपीएम म्हणायचं, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. माणसाचा हात न लागलेल्या मातीत शिसं साधारण दहा ते तीस पीपीएम असतं.

२. इंजिनाची खटखट

हे शिसं पेट्रोलमध्ये घातलं का? मोटारीच्या इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण ठिणगी पडल्यावर ठरावीक क्षणी जळायला हवं. ते मध्येच भडकलं तर इंजिन खटखटतं, ताकद वाया जाते. जनरल मोटर्समधला थॉमस मिजली यावर उतारा शोधत होता. डिसेंबर १९२१ मध्ये त्याला टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग सापडलं. पेट्रोलमध्ये अगदी थोडं मिसळलं की खटखट बंद. १९२३ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन गावी हे पेट्रोल विकायलाही लागले.

शिसं विषारी आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. मिजलीला स्वतःला शिशाची बाधा झाली होती. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात हे संयुग बनवणारे पाच कामगार भ्रम होऊन, झटके येऊन मेले. त्यानंतर मिजलीने पत्रकारांसमोर तेच द्रव हातांवर ओतून घेतलं, त्याचा वास घेऊन दाखवला आणि ते निर्धोक असल्याचा निर्वाळा दिला. विज्ञानाच्या इतिहासात याहून बेजबाबदार प्रात्यक्षिक शोधावं लागेल.

यातली एक तांत्रिक गोष्ट आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. शिसं इंजिनातच साचलं तर इंजिन खराब होतं. म्हणून पेट्रोलमध्ये ब्रोमीन आणि क्लोरीन असलेली आणखी दोन रसायनं मिसळत. ती जळताना शिशाला पकडत आणि त्याचं बाष्प करून नळकांड्यातून बाहेर ढकलत. इंजिन स्वच्छ राहावं म्हणून शिसं रस्त्यावर टाकायचं, अशी ती योजनाच होती.

अमेरिकेने १९२६ ते १९८५ या काळात पन्नास लाख टनांहून जास्त शिसं पेट्रोलमधून जाळलं. भारतात शिसेविरहित पेट्रोल चार महानगरांत एप्रिल १९९५ पासून मिळू लागलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच सक्तीचं झालं. ब्रिटनही त्याच सुमारास थांबला. सगळ्यात शेवटी थांबला अल्जेरिया, जुलै २०२१ मध्ये.

३. एका किलोमीटरचा हिशेब

आता थोडं गणित करू. १९८० च्या दशकातला एखादा शहरी रस्ता घ्या. समजा लिटरभर पेट्रोलमध्ये अर्धा ग्रॅम शिसं आहे आणि गाडी लिटरला दहा किलोमीटर जाते. म्हणजे किलोमीटरला ५० मिलिग्रॅम. दिवसाला दहा हजार गाड्या गेल्या तर त्या एका किलोमीटरवर रोज अर्धा किलो शिसं खर्ची पडलं. वर्षाला सुमारे १८० किलो, दहा वर्षांत १.८ टन.

यातलं साधारण तीन चतुर्थांश नळकांड्यातून बाहेर येई, म्हणजे सुमारे १.३५ टन. अतिबारीक कण वाऱ्यावर दूर जातात, जाडसर कण जवळ पडतात. आपण धरू की एक तृतीयांश, म्हणजे ४५० किलो, रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या पंचवीस-पंचवीस मीटरांत पडलं आणि वरच्या पाच सेंटिमीटर मातीत राहिलं. ती माती भरते २,५०० घनमीटर, वजन सुमारे ३,२५० टन. ४५० किलोला ३,२५० टनांनी भागलं की जवळपास १४० पीपीएम येतं. मूळच्या वीसेक पीपीएमच्या सात पट, आणि तेही मध्यम वर्दळीच्या रस्त्यावर, फक्त दहा वर्षांत.

माझे आकडे गृहीत धरलेले आहेत, ते तुम्ही हवे तसे बदलून पाहा. दिवसाला पन्नास हजार गाड्यांचा चौक घ्या, तीस वर्षं घ्या. उत्तर ज्या घरात जातं, तसे आकडे जगातल्या जुन्या शहरांच्या मध्यभागी प्रत्यक्ष मोजले गेले आहेत.

४. बाल्टिमोरच्या परसबागा

हे पहिल्यांदा ठसठशीतपणे दाखवलं ते हॉवर्ड मिल्के या अमेरिकन संशोधकाने. १९७० च्या दशकात तो बाल्टिमोर शहरातल्या परसबागांची माती गोळा करत होता. लोक भाज्या लावत होते, त्यांत शिसं किती जातं हे त्याला पाहायचं होतं. त्या काळी अमेरिकेत मुलांच्या रक्तातल्या शिशाचं खापर जुन्या घरांच्या रंगावर फोडलं जाई. रंगात शिसं असे, पोपडे पडत, मुलं ते तोंडात घालत. हे खोटं नव्हतंच. पण मग जिथे लाकडी, रंगवलेली जुनी घरं जास्त, तिथल्या बागांत शिसं जास्त सापडायला हवं होतं.

मिल्केच्या नकाशावर उलटं चित्र उमटलं. सर्वाधिक शिसं शहराच्या मध्यभागातल्या बागांत होतं, आणि तिथली बरीचशी घरं बिनरंगी विटांची होती. वेशीकडे जावं तसा आकडा उतरत गेला. घरांच्या रंगाने हे कोडं सुटेना, वाहनांच्या गर्दीने सुटलं. सगळे रस्ते जिथे एकवटतात, गाड्या जिथे थांबत-थांबत चालतात, तिथे माती सर्वांत वाईट. या पाहणीवरचा निबंध १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे मिनेसोटात आणि मग न्यू ऑर्लीन्समध्येही मिल्केला हाच आकृतिबंध दिसला. शहर लहान असेल तर त्याच वयाच्या घरांभोवतीची माती बरी, शहर मोठं असेल तर वाईट. रंग दोन्हीकडे एकच होता, वाहनं नव्हती.

१९८६ च्या सुरुवातीला अमेरिकेने पेट्रोलमधलं शिसं गॅलनमागे ०.१ ग्रॅमपर्यंत खाली आणलं. त्यामागे मुलांच्या रक्तातल्या शिशावरचे अभ्यास होते, तसंच मातीवरचं असं कामही होतं.

न्यू ऑर्लीन्सची पुढची गोष्ट विलक्षण आहे. २००५ मध्ये कॅटरिना वादळात शहराचा ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. पाणी ओसरलं तेव्हा मागे गाळ राहिला. मिल्के आणि त्याच्या सहकाऱ्यांकडे वादळापूर्वीची मोजणी तयारच होती. त्यांनी तीच मोजणी पुन्हा केली. सुमारे पंधरा वर्षांच्या अंतराने शहरातल्या मातीतल्या शिशाचा मध्यांक ९९ पीपीएमवरून ५४ वर आला होता, आणि त्याच शहरातल्या मुलांच्या रक्तातला मध्यांक दर डेसिलिटरला ३.६ मायक्रोग्रॅमवरून १.२ वर. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. घट एकट्या वादळामुळे झाली असं कोणी म्हणत नाही. पुनर्बांधणीत नवी माती आली, जुनी घरं पडली, इतर नियम कडक झाले. तरी माती आणि रक्त हे दोन आकडे हातात हात घालून उतरावेत, ही मला या सगळ्या विषयातली सर्वांत बोलकी नोंद वाटते.

लंडनमध्ये याच्या पुढचा प्रश्न विचारला गेला: मातीत बसलेलं शिसं तिथेच बसून राहतं की पुन्हा हवेत येतं? शिशाच्या अणूंचे चार प्रकार असतात, वजनाने किंचित वेगळे. त्यांचं एकमेकांशी प्रमाण प्रत्येक खाणीत निराळं असतं. ब्रिटनच्या पेट्रोलमधलं बरंचसं शिसं ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या खाणीतलं होतं आणि त्याचं प्रमाण चटकन ओळखू येतं. इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी लंडनच्या आजच्या हवेतले कण तपासले. २०२१ मध्ये त्यांनी जाहीर केलं की हवेतल्या शिशापैकी ४० टक्क्यांपर्यंत वाटा जुन्या पेट्रोलमधल्या शिशाचा असू शकतो. वीस वर्षांपूर्वी बंद झालेलं इंधन वाऱ्याच्या झुळकीबरोबर, गाडीच्या चाकाबरोबर उठून पुन्हा श्वासात येत होतं.

५. आज काय पडतं?

नळकांड्यातून शिसं यायचं थांबलं. पण गाडी म्हणजे फक्त नळकांडं नव्हे.

गाडी थांबवताना ब्रेकची लायनिंग झिजते. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ते घातक ठरल्यावर तांब्याचा चुरा आणि अँटिमनीचं सल्फाइड यांचा वापर वाढला. अँटिमनी एरवी मातीत नगण्य असतं. त्यामुळे सिग्नल, बसथांबे, गतिरोधक, घाटातले उतार अशा ठिकाणच्या धुळीत तांबं आणि अँटिमनी जोडीने वाढलेली दिसली की ती ब्रेकची करामत समजावी. ड्रम ब्रेकमधली भुकटी बरीचशी आतच साचते आणि गॅरेजात ड्रम उघडला की बाहेर पडते. मेकॅनिक तोंडाने फुंकर मारून ती उडवतो, हे सगळ्यांनी पाहिलं असेल. डिस्क ब्रेक उघडाच, त्याची भुकटी थेट रस्त्यावर.

टायरच्या रबरात सुमारे एक टक्का जस्त असतं, कारण रबर पक्कं करताना झिंक ऑक्साइड लागतं. मोटारीचा एक टायर आयुष्यभरात किलो-दीड किलो झिजतो, म्हणजे दहा-पंधरा ग्रॅम जस्त रस्त्यावर. गंमत अशी की महाराष्ट्रातले शेतकरी जस्ताची कमतरता भरून काढायला झिंक सल्फेटच्या पिशव्या विकत घेतात, आणि शहरात तेच जस्त नको तिथे फुकट पडत राहतं. रस्त्याकडेच्या जस्ताचा मुलामा दिलेल्या कठड्यांतून आणि इंजिन ऑइलमधूनही त्यात भर पडते.

शिसंही पूर्ण गेलेलं नाही. चाकाचा तोल साधायला रिमला ठोकायची शिशाची वजनं खड्ड्यात आदळून पडतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांखाली त्यांची पूड होते; युरोपीय संघाने ती २००५ मध्ये बंद केली. पिवळ्या रंगात लेड क्रोमेट असू शकतं. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या भट्ट्या हा तर स्वतंत्र आणि फार गंभीर विषय आहे, तिथले आकडे रस्त्याच्या आकड्यांना खुजे करतात. घरगुती रंगांवर मात्र भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली आहे.

६. आकडा मोठा म्हणजे प्रदूषण मोठं?

वर्तमानपत्रात बातमी येते: ‘अमुक शहराच्या मातीत तांबं आणि क्रोमियम धोक्याच्या पातळीवर’. अशी बातमी महाराष्ट्रातली असेल तर मी आधी थबकतो.

आपल्या राज्याचा मोठा भाग दख्खनच्या बेसॉल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर वसला आहे. हा खडक लाव्ह्यातून बनला. त्यात तांबं, क्रोमियम, निकेल मुळातच भरपूर. तांबं तर शंभर पीपीएमच्या वरही सहज जातं. उलट शिसं अगदी थोडं. त्यामुळे पुण्याजवळच्या एखाद्या माळावर, जिथे कधी गाडी गेली नाही, तिथेही परदेशी तक्त्याशी ताडून पाहिलं तर तांबं ‘जास्त’ भरेल. आणि शिसं चाळीस पीपीएम निघालं तर त्याच तक्त्यात ते किरकोळ वाटेल, वास्तविक आपल्या मातीच्या मानाने ती मोठी वाढ असेल.

मग मूळचं किती आणि वरून पडलेलं किती, हे ओळखायचं कसं? मोठ्या पातेल्यात डाळ-तांदळाची खिचडी केली आणि त्यातून एक वाटी काढून तिच्यात पाणी घातलं, तर वाटीतली डाळही पातळ होते आणि तांदूळही. दोघांचं आपसातलं प्रमाण बदलत नाही. वाटीत ते प्रमाण वेगळं दिसलं, तर वरून कोणीतरी डाळ घातली आहे. मातीतही असंच. तांदळाच्या जागी ॲल्युमिनियम घ्यायचं, कारण ते मातीत भरपूर असतं आणि गाड्यांमधून त्या मानाने नगण्य पडतं.

समजा, गावाबाहेरच्या स्वच्छ मातीत ॲल्युमिनियम ७०,००० पीपीएम, तांबं १२० आणि शिसं १० आहे. रस्त्याकडेच्या धुळीत वाळू, सिमेंट मिसळल्याने ॲल्युमिनियम ३५,००० वर आलं आहे, तांबं ९० आहे आणि शिसं ५०. नुसते आकडे पाहिले तर तांबं कमी झालंय आणि शिशाहून जास्त आहे. प्रमाण काढा. शिसं: स्वच्छ मातीत ७,००० ला एक, रस्त्यावर ७०० ला एक. म्हणजे दहा पट वाढ. तांबं: त्याच रीतीने काढलं तर जेमतेम दीडपट. तज्ज्ञ याला संवर्धन गुणांक म्हणतात. तांब्याचा ९० हा आकडा बहुतांशी खडकाचा, शिशाचा ५० हा बहुतांशी आपला.

आकडा वाचताना दुसरी गोष्ट विचारायची ती रूपाची. बेसॉल्टमधलं क्रोमियम त्रिसंयुजी असतं आणि खनिजाच्या स्फटिकात कोंडलेलं. पोटातल्या आम्लातही ते सहसा सुटत नाही. पिवळ्या रंगातल्या लेड क्रोमेटमधलं क्रोमियम षट्संयुजी, म्हणजे कर्करोगाशी जोडलेलं. प्रयोगशाळेच्या अहवालात दोन्ही एकाच रकान्यात, एकाच नावाखाली छापून येतात. ‘एकूण क्रोमियम’ एवढाच मथळा असलेल्या अहवालावरून घाबरू नये आणि निर्धास्तही होऊ नये.

तिसरी गोष्ट कणाच्या आकाराची. धातू पृष्ठभागाला चिकटतात आणि कण जितके बारीक तितका वजनामागे पृष्ठभाग जास्त. एकाच ठिकाणची जाड वाळू आणि चाळून घेतलेली बारीक धूळ यांचे आकडे कितीतरी वेगळे येतात. हाताला चिकटते ती बारीक धूळ.

७. हातातून तोंडात

मोठ्या माणसाला या धुळीचा त्रास मुख्यतः श्वासातून होत असेल असं आपण धरून चालतो. शिशाच्या बाबतीत लहान मुलांचा मोठा मार्ग तोंड हा आहे. रांगणारं, चालू लागलेलं मूल जमिनीजवळ असतं, हात सतत तोंडात घालतं, पडलेलं बिस्किट उचलून खातं. अशा वयाचं मूल माती आणि धूळ मिळून रोज पन्नास मिलिग्रॅमच्या आगेमागे गिळतं असा अंदाज आहे. पन्नास मिलिग्रॅम म्हणजे तळहातावर नीट दिसणारही नाही एवढी धूळ.

ती धूळ २०० पीपीएम शिशाची असेल तर पोटात गेलं १० मायक्रोग्रॅम शिसं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मुलांच्या अन्नातल्या शिशासाठी ठरवलेली संदर्भ-पातळी आहे दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम. न दिसणारी धूळ त्याच्या चौपटीहून पुढे गेली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने निवासी मातीतल्या शिशाची मार्गदर्शक पातळी ४०० वरून २०० पीपीएमवर आणली, त्यामागे असाच हिशेब आहे.

आत गेलेल्यापैकी किती शोषलं जातं? प्रौढ माणसाचं आतडं साधारण दहावा हिस्सा घेतं. लहान मुलाचं आतडं अन्नपाण्यातल्या शिशापैकी निम्म्यापर्यंत घेऊ शकतं. मातीतून आलेलं त्याहून थोडं कमी. शरीराला शिसं कॅल्शियमसारखं वाटतं, त्यामुळे ते हाडांत साठतं आणि चेतापेशींच्या कामात घुसतं. परिणाम बुद्ध्यांकावर, लक्ष लागण्यावर, वागण्यावर. रक्तातली सुरक्षित म्हणता येईल अशी कुठलीही पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आणि इथे आपल्या देशाचं एक वेगळं दुखणं येऊन मिळतं. शरीरात लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त ओढून घेतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. म्हणजे एकाच अंगणात, तीच धूळ खाणाऱ्या दोन मुलांपैकी ज्याच्या पोटात डाळ-भाजी-गूळ कमी पडतं, त्याच्या रक्तात शिसं जास्त जाणार. शहरातली गरीब वस्ती बहुधा रस्त्याला खेटून असते, हेही विसरून चालत नाही.

शिसेविरहित पेट्रोलचा फायदा झाला का? मुंबईत झाला, आणि चांगला झाला. १९९७ च्या सुमारास तपासलेल्या मुलांपैकी साधारण साठ टक्क्यांच्या रक्तात दर डेसिलिटरला दहा मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं होतं. पेट्रोल बदलल्यानंतरच्या अभ्यासात हे प्रमाण तेहतीस टक्क्यांवर आलं. धोरणाचं हे यश मोठंच आहे. मात्र आज अमेरिकेत ३.५ मायक्रोग्रॅमलाच चौकशी सुरू होते, हे लक्षात घेतलं तर उरलेल्या तेहतीस टक्क्यांचा आकडा फार मोठा वाटतो.

८. भाजी आणि कुंडी

मुंबईत रेल्वे रुळांलगत पालक, माठ, अळू, भेंडी पिकत आलं. असं पिकलेलं खावं का? इथे धातूधातूंत फरक करायला हवा. शिसं मुळांपाशीच अडतं, फळापर्यंत फारच थोडं पोचतं. वांगं, भेंडी, टोमॅटो यांत ते वरून बसलेल्या धुळीतून येतं आणि बरंचसं धुतल्यावर जातं. पालेभाजीचं पान रुंद, खरबरीत. तिला तीन-चार पाण्यांतून काढायला हवं. मुळा-गाजराची साल काढावी. कॅडमियमचं वागणं निराळं. ते मुळातून पानात सहज चढतं, पालक ते विशेष घेतो, आणि आत गेलेलं कॅडमियम कितीही धुतलं तरी निघत नाही.

मातीच्या आम्लतेनेही चित्र बदलतं. देशावरच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात, ती अल्कधर्मी असते आणि धातू घट्ट धरते. कोकण-गोव्याची जांभ्याची माती आम्लधर्मी, तिच्यात कॅडमियम आणि जस्त जास्त मोकळं होतं. त्यामुळे धातूचं प्रमाण तेच असलं तरी कोकणातल्या भाजीत ते जास्त उतरू शकतं.

गच्चीवरच्या बागेसाठी दुभाजकातली किंवा मोठ्या रस्त्याकडेची माती आणू नये, हे यातून आपोआप ठरतं. जुन्या वाड्याच्या रंगवलेल्या दारा-खिडक्यांखालची मातीही टाळावी. आधीच आणलेली असेल तर भरपूर कंपोस्ट मिसळा. त्याने धातूचं प्रमाणही उतरतं आणि सेंद्रिय द्रव्य उरलेल्याला बांधून ठेवतं. फॉस्फेटचाही उपयोग होतो, कारण शिसं आणि फॉस्फेट मिळून जवळपास न विरघळणारं खनिज बनतं. कॅलिफोर्नियात ओकलंडच्या एका वस्तीत माशांच्या हाडांची भुकटी अंगणांत मिसळून हाच प्रयोग केला गेला.

माती तपासून घ्यायची म्हटली तर शेतकऱ्याला मिळणारी मृदा आरोग्य पत्रिका इथे कामाची नाही. तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, बोरॉन, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब असे बारा रकाने असतात. शिसं आणि कॅडमियम त्यांत नाहीत. ती पिकाच्या भुकेसाठी बनवली आहे. धातूंची तपासणी हवी असेल तर ती वेगळी मागावी लागते.

९. झाकणं, झाडणं, उचलणं

मातीतून धातू काढून घेणं फार महाग पडतं. म्हणून जगभर सर्वाधिक वापरलेला उपाय साधा आहे: वरून स्वच्छ माती टाकायची. न्यू ऑर्लीन्समध्ये पाळणाघरांच्या अंगणांत जाड कापडाचा थर अंथरून त्यावर मिसिसिपी नदीचा गाळ पसरला. त्या गाळात शिसं पाचेक पीपीएमच. नॉर्वेने मोठ्या शहरांतल्या पाळणाघरांची माती तपासून खराब माती बदलण्याचा देशव्यापी कार्यक्रम घेतला. आधी लहान मुलं, मग बाकी शहर, हा क्रम मला पटतो. आपल्याकडे अंगणवाडीचं आणि बालवाडीचं अंगण इतकं लहान असतं की दोन-चार ब्रास स्वच्छ मुरूम-मातीत काम भागेल. वर हिरवळ टिकली तर उत्तम, नाही टिकली तरी फरशी चालेल, फक्त ती ओल्या फडक्याने पुसायची. सुक्या केरसुणीने धूळ खोलीतच फिरत राहते.

नव्या धुळीचा उगम कमी करण्याचं काम कायद्याने व्हायला हवं. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१० मध्ये ब्रेकमधलं तांबं टप्प्याटप्प्याने काढायचे कायदे केले. कारण मात्र मुलं नव्हती, मासे होते; विरघळलेलं तांबं सॅमन माशांची वास घेण्याची शक्ती मारतं. युरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या युरो-७ नियमांत ब्रेकच्या कणांवर पहिल्यांदाच मर्यादा आली. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू असलेलं बीएस-६ मुख्यतः इंजिनाचा धूर आणि इंधनाची वाफ यांच्यापुरतं आहे. विजेच्या गाड्यांनी ब्रेकची झीज कमी होईल, कारण त्या वेग कमी करताना मोटरचाच वापर करतात. पण बॅटरीमुळे त्या वजनदार असतात, म्हणजे टायर जास्त झिजणार.

उरतो रोजचा केर. पहाटे खराट्याने रस्ता झाडला जातो तेव्हा कागद, पानं, खडी गोळा होते आणि सर्वांत बारीक, सर्वांत धातूयुक्त धूळ उडते, ती थेट झाडणाऱ्या कामगाराच्या नाकात. ओढून घेणारी यंत्रं बारीक धूळ जास्त उचलतात, पण जिथे रस्त्याला सलग कडा नाही, मध्ये गाड्या उभ्या आहेत, तिथे त्यांचा उपयोग मर्यादित. पाणी मारलं तर दोन-चार तास धूळ दबते.

पहिल्या पावसात ही सगळी धूळ गटारात उतरते आणि तिथल्या गाळात बसते. पुढच्या वर्षी मे महिन्यात नालेसफाई सुरू होते. गाळ बाहेर काढतात आणि पाणी निथळावं म्हणून नाल्याच्याच काठावर, बऱ्याचदा रस्त्यालगत, ढीग लावून ठेवतात. मेच्या उन्हात तो चार दिवसांत वाळतो, वरून गाड्या जातात, पोरं त्यावर खेळतात. निथळण्यासाठी वेगळी जागा, वर ताडपत्री आणि उचलण्याची ठरलेली मुदत, एवढं कंत्राटातच लिहिलं तरी वर्षभर साचलेला धातू पुन्हा त्याच रस्त्यावर पसरायचा थांबेल. सफाईचं बिल आज टनांवर निघतं. त्याच टनांतून दर ढिगामागे एक नमुना शिशासाठी तपासायला कंत्राटाच्या मानाने नगण्य खर्च येईल, आणि शहराच्या कुठल्या भागात अंगणवाड्यांची माती आधी बदलायची, त्याची यादी त्यातूनच तयार होईल.